चिलटाचं नाक आणि आईचा एमआरआय

मंडळी, या वीकेंडला कोड नाही, गॅजेट नाही, ट्रेकचा वृत्तांतही नाही. या वेळी इतिहास. तोही कुठल्या गडाचा नव्हे, चिलटाच्या मेंदूचा. हो हो, तेच चिलट, जे पिकलेल्या केळ्यांवर घोंगावतं आणि ज्याला आपण हाताने हाकलतो. हसू नका. या गोष्टीचा एक मोठा भाग आपल्या मुंबईत, कुलाब्याला घडलाय. आणि माझ्यापुरती ती सुरू झाली मालाडच्या आमच्या स्वयंपाकघरात.

झालं असं. काही महिन्यांपूर्वी एका शनिवारी दुपारी मी आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होतो. एकदम करपल्याचा वास आला. कॉल म्यूट करून धावत गेलो, तर गॅसवर दुधाचं पातेलं काळं पडलेलं, आणि आई त्याच्यापासून चार फुटांवर खाली बसून शांतपणे मेथी निवडतेय.

"अगं आई, वास नाही आला?"

"कसला वास?"

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. तिला कितीतरी महिने वास येत नव्हता. कोणाला सांगितलं नव्हतं. फोडणीत हिंग किती पडलं हे जी बाई आयुष्यभर नाकाने ठरवत आली, ती गुपचूप चमच्याने मोजायला लागली होती. दूध नासलंय का हे बघायला बाबांना "जरा चाखून बघा हो" म्हणायला लागली होती. आणि मालाडमध्ये राहून वास न येणं म्हणजे काय, हे मालाडकरांनाच कळेल. स्टेशनबाहेरची जिलेबी, मढच्या वाटेवर वाळत घातलेले बोंबील, खाडीकडून वारा सुटला की येणारा तो खास आपला वास. (चिंचोली बंदरचं जुनं डम्पिंग ग्राउंड ज्यांनी नाकाने अनुभवलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.) आई म्हणाली, "तो गेला ते बरंच झालं." पण तिचा चेहरा तसं म्हणत नव्हता.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावून सांगितलं की वास जाण्याची कारणं बरीच असतात. साधं सर्दीचं दुखणं, कोविड, सायनस, डोक्याला लागलेला मार, वय. आणि थोड्या लोकांमध्ये ती पार्किन्सनची फार आधीची खूण असू शकते. त्यांनी सहा कारणं सांगितली, मला एकच ऐकू आलं. एमआरआय करून घेतला. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती, तिचा अर्थ असा की मेंदूत लक्षणीय दोष दिसत नाही.

आईने विचारलं, "म्हणजे माझ्या डोक्यात काही नाही, असंच ना?"

"हेच तर मी तीस वर्षं सांगतोय," बाबा म्हणाले. :-)

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप येईना. आपल्या धंद्यात असं नेहमी होतं ना, मॉनिटरिंगच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं असतं आणि तिकडे कस्टमर बोंबलत असतो की लॉगिन होत नाही. डॅशबोर्ड खोटं बोलत नसतो. तो जेवढ्या बारकाईने बघतो तेवढ्यात त्याला काही दिसत नसतं, इतकंच. मग एमआरआयची बारकाई नक्की किती? आणि मेंदूतल्या एकेका तारेपर्यंत जाऊन बघायचं असेल तर माणसाने आजवर काय काय केलंय? त्या रात्रीपासून वाचत सुटलो. त्याचाच हा गोषवारा.

आधी एमआरआयचं बघू. नेहमीच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये चित्राचा एक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा असतो. आपल्याला एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पण २०२४ मध्ये हार्वर्ड आणि गूगलच्या लोकांनी माणसाच्या मेंदूचा जेमतेम एक घन मिलिमीटर तुकडा (फिट्स येणाऱ्या एका बाईच्या शस्त्रक्रियेत काढावा लागलेला) इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली संपूर्ण उतरवून काढला. त्यात सुमारे ५७,००० पेशी निघाल्या आणि त्यांच्यामधले सांधे, म्हणजे सिनॅप्स, सुमारे १५ कोटी! डेटा किती, तर १.४ पेटाबाइट. म्हणजे १,४०० टेराबाइट. खसखशीच्या दाण्याएवढ्या तुकड्याला. माणसाचा मेंदू अंदाजे १२ लाख घन मिलिमीटर धरा आणि गुणाकार तुम्हीच करा. स्टोरेजचं बजेट मागायला मॅनेजरकडे जायची माझी तरी हिंमत नाही.

थोडक्यात, एमआरआयच्या एका ठिपक्यात अख्खं मालाड मावतं. "मालाडमध्ये लक्षणीय दोष दिसत नाही" असं विमानातून बघून म्हणण्यासारखं ते आहे. ते चूक नाही. गाठ, रक्तस्राव, मोठी इजा असती तर नक्की दिसली असती, आणि ती नाही हे कळणं फार मोलाचं आहे. पण कुठल्या बिल्डिंगमध्ये कोणाचा फोन बंद पडलाय, हे विमानातून कळत नाही.

मग ते रंगीत फोटो, ज्यांत मेंदूचा एखादा भाग लालभडक पेटलेला दाखवतात? तो फंक्शनल एमआरआय. त्याचं तत्त्व सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये मांडलं. तो पेशींचं काम थेट बघतच नाही. काम वाढलं की तिथे रक्तपुरवठा वाढतो, तो फरक बघतो. ऑफिसच्या टॉवरबाहेर उभं राहून मजल्यांचे विजेचे मीटर बघायचे आणि कोणत्या मजल्यावर डेडलाइन आहे ते ओळखायचं, तसं. हुशार लोकांनी यातही कमाल केली आहे. ताकदवान चुंबक वापरून जिवंत माणसाच्या दृष्टिकेंद्रातले मिलिमीटरपेक्षाही बारीक पट्टे वेगळे करून दाखवलेत. फ्रान्समधल्या ११.७ टेस्लाच्या महाकाय यंत्राने २०२४ मध्ये अवघ्या चार मिनिटांत ०.२ मिलिमीटर बारकाईची चित्रं काढली. तरीही त्या ठिपक्यात एक पेशी नाही, शेकड्यांनी, हजारांनी मावतात.

मग एकेक पेशी कोणी पाहिली? इथून खरा इतिहास सुरू होतो.

१८७३ मध्ये इटलीत कामिल्लो गोल्जी यांना एक विचित्र रंग सापडला. मेंदूच्या तुकड्यावर तो टाकला की शंभरातल्या थोड्याच पेशी काळ्या होतात, बाकीच्या तशाच पारदर्शक राहतात. त्या थोड्याच का, हे गोल्जींना माहीत नव्हतं. पण तोच तर फायदा! सगळ्याच काळ्या झाल्या असत्या तर नुसतं डांबर दिसलं असतं. चर्चगेटला संध्याकाळी सहाला गर्दीत एकाच माणसाने लाल शर्ट घातला तर त्याची वाट डोळ्यांनी काढता येते, तसं. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी हाच रंग वापरून आयुष्यभर पेशी रेखाटल्या आणि ठासून सांगितलं की मेंदू म्हणजे अखंड जाळं नाही, तो सुट्या सुट्या पेशींचा बनलेला आहे. गोल्जींचं मत नेमकं उलटं. १९०६ मध्ये दोघांना नोबेल विभागून मिळालं आणि स्टॉकहोमच्या भाषणातसुद्धा गोल्जींनी आपलं म्हणणं सोडलं नाही. पुढे १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली आणि वाद मिटला. काहाल बरोबर होते.

फट दिसली, आता सगळी वायरिंगच काढू, हा विचार केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांच्या डोक्यात आला. त्यांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीची अळी निवडली, तिच्यात चेतापेशी ३०२. तिचे हजारो काप, त्यांचे फोटो, आणि प्रत्येक फोटोवर पेनने खुणा करत एकेका तंतूचा माग. कॉम्प्युटर वापरायचा प्रयत्न झाला, पण तेव्हाच्या यंत्रांचा दम तेवढा नव्हता. बहुतेक काम हातानेच झालं. १९८६ मध्ये तो नकाशा छापून आला, तीनशेहून जास्त पानांचा एकच शोधनिबंध. आपण डॉक्युमेंटेशन लिहायला कंटाळतो, तेव्हा हे आठवावं.

आणि साधारण याच काळात, इकडे कुलाब्याला...

नेव्ही नगरच्या टोकाला समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. टीआयएफआर. मालाडहून चर्चगेटची गाडी पकडा आणि तिथून बसने शेवटपर्यंत जा. आपल्या लोकांना ती संस्था माहीत असते ती टिफ्रॅकमुळे, म्हणजे १९६० मध्ये तिथे सुरू झालेल्या भारतीय बनावटीच्या कॉम्प्युटरमुळे. फिजिक्स आणि गणिताची जागा. पण १९६२ मध्ये होमी भाभांनी तिथे एक तिशीचा जीवशास्त्रज्ञ आणला, ओबेद सिद्दिकी. जन्म उत्तर प्रदेशातला, शिक्षण अलिगढला, पीएचडी ग्लासगोत पॉन्टेकोर्व्हो यांच्याकडे, मग अमेरिकेत जीवाणूंच्या जनुकांवर गाजलेलं काम. त्यांनी फिजिक्सवाल्यांच्या संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला.

पुढे सिद्दिकी कॅलिफोर्नियात सीमोर बेन्झर यांच्याकडे गेले. बेन्झर यांनी तेव्हा चिलटांच्या वागण्यामागची जनुकं शोधायचा उद्योग आरंभला होता. तिथे अशी चिलटं होती की तापमान वाढवलं की लुळी पडायची, गार केलं की पुन्हा उठून चालायची. हा बिघाड पेशींच्या विजेच्या वहनात आहे, हे दोघांनी १९७६ च्या निबंधात दाखवलं. मुंबईत परतल्यावर सिद्दिकींनी जीवाणू मागे ठेवले आणि चिलटं धरली. प्रश्न निवडला तो वासाचा आणि चवीचा.

त्यांच्याकडे एक विद्यार्थिनी आली, वेरोनिका रॉड्रिग्ज. मूळ गोव्याचं कुटुंब, बालपण केनियात, शिक्षण आधी कंपालाला आणि मग डब्लिनला. तिथे असताना सिद्दिकींचं काम वाचनात आलं आणि पीएचडीसाठी तिने थेट मुंबई गाठली. विचार करा, १९७० च्या दशकात जगाची दिशा मुंबईहून बाहेर जायची होती आणि ही मुलगी उलटी आली.

या दोघांची पद्धत बघा, फार साधी आहे. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचेची नळी. एका फाट्यात वास, दुसऱ्यात नुसती हवा. खालून चिलटं सोडायची आणि कुठे किती गेली ते मोजायचं. बस्स. चिलटांच्या जनुकांत बदल घडवायचे आणि त्यांच्या वंशजांना या नळीतून चालवायचं. हजारो चिलटं. त्यातून अशी चिलटं सापडली ज्यांना काही वास कळतच नव्हते. आणि गंमत म्हणजे सगळेच वास गेलेले नव्हते. एखाद्याला कडू बदामासारखा वास कळत नाही, पण फळासारखा वास छान कळतो. दुसऱ्याचं उलटं. हे काम १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं, भारतातल्याच नियतकालिकात.

आता इथे थांबून जरा डीबगिंग करू. एका चिलटाला एकाच जातीचे वास कळत नाहीत. बग कुठे आहे? क्लायंटमध्ये, नेटवर्कमध्ये की सर्व्हरवर? म्हणजे शिंगेत (चिलटाचं नाक म्हणजे त्याची शिंगं), तिथून मेंदूत जाणाऱ्या तारेत, की खुद्द मेंदूत? पण हे विचारायचं तर आधी माहीत हवं की कुठली तार कुठे जाते. म्हणजे चित्र हवं. पण बघा, चित्राची गरज प्रश्नातून आली. आधी नळी, मग मायक्रोस्कोप.

चिलटाच्या मेंदूत, शिंगांच्या तारा जिथे उतरतात तिथे, सुमारे पन्नास गोलसर पुंजके असतात. त्यांना ग्लोमेरुलाय म्हणतात. टीआयएफआरच्या नरेश सिंग आणि सिद्दिकींनी स्वित्झर्लंडच्या राइनहार्ड स्टोकर यांच्यासोबत शिंगेवरच्या वेगवेगळ्या केसांपासून निघणाऱ्या तारा मेंदूत कुठल्या पुंजक्यात जातात ते शोधलं. हे १९८३ चं काम. तारा वाटेल तिथे जात नाहीत, प्रत्येकीचा पत्ता ठरलेला असतो.

ही झाली वायरिंग. पण प्रत्यक्ष वास आल्यावर कुठला पुंजका जागा होतो? त्यासाठी रॉड्रिग्ज जर्मनीत ट्युबिंगेनला एरिश बुख्नर यांच्याकडे गेल्या आणि एक अफलातून युक्ती वापरली. पेशी काम करते तेव्हा साखर खाते. तिला थोडी बदललेली साखर द्यायची, जी ती गिळते पण पचवू शकत नाही. त्या साखरेला किरणोत्सर्गी खूण लावायची. मग चिलटाला एकच वास देत राहायचं. ज्या पेशी राबतात त्यांच्यात ही साखर साचते. नंतर मेंदूचे पातळ काप काढून ते फोटोच्या फिल्मसारख्या थराला लावून ठेवायचे. जिथे साखर साचली तिथे काळे ठिपके उमटतात.

१९८४ मध्ये ते चित्र प्रसिद्ध झालं. वेगळा वास, वेगळे पुंजके. १९८८ मध्ये रॉड्रिग्ज यांनी हे आणखी तपशिलात मांडलं, की वासाची ओळख मेंदूत जागेच्या भाषेत लिहिलेली असते. कुठले पुंजके जागे झाले, यावरून वास कुठला ते ठरतं. पियानोवर कुठल्या पट्ट्या दाबल्या त्यावरून सूर ओळखावा, तसं.

हे वाचताना मी खुर्चीतून उठलो, कारण ही साखरेची युक्ती आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. आज कॅन्सरच्या पेशंटला पेट स्कॅन करायला सांगतात ना, तो याच साखरेच्या भावंडावर चालतो. भुकेलेल्या पेशी साखर गिळतात आणि उजळून दिसतात. माणसाच्या अख्ख्या शरीरासाठी जी युक्ती वापरतात, तीच या लोकांनी खसखशीहून लहान मेंदूत वापरली.

आता लक्षात घ्या, तोवर वास ओळखणाऱ्या रेणूंचा पत्ताच नव्हता. ती जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ मध्ये सस्तन प्राण्यांत शोधली (त्याचं नोबेल २००४ मध्ये मिळालं) आणि चिलटातली जनुकं सापडायला १९९९ उजाडलं. मग कळलं की एकाच जातीचा ग्राहक रेणू असलेल्या सगळ्या तारा ठरलेल्या पुंजक्यातच जाऊन मिळतात. आणि २००२-०३ च्या सुमारास, पेशी जागी झाली की चमकणारी प्रथिनं आणि खोलवर बघणारा लेझरचा मायक्रोस्कोप वापरून शास्त्रज्ञांनी जिवंत चिलटाच्या मेंदूत पुंजके एकेक करून उजळताना पाहिले. वेगळा वास, वेगळे पुंजके. मेलेल्या मेंदूच्या कापांवर काळ्या ठिपक्यांत जे दिसलं होतं, ते आता चालू सिनेमात दिसलं.

पुढची उडी आपल्या धंद्याची. एका मादी चिलटाचा मेंदू ४० नॅनोमीटर जाडीच्या सुमारे ७,००० कापांत कापला. २ कोटींहून जास्त फोटो निघाले, आणि २०१८ मध्ये ते सगळ्यांना खुले झाले. मशीन लर्निंगने त्यातल्या तारा रंगवल्या, पण त्यात चुका ढीगभर. दोन वेगळ्या तारा एक करून टाकायच्या, एकीचे दोन तुकडे करायचे. मग जगभरातले शास्त्रज्ञ आणि हौशी लोक बसले आणि एकेक चूक दुरुस्त करत गेले. एकट्याने केलं असतं तर अंदाजे ३३ वर्षं लागली असती. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रिन्स्टनच्या माला मूर्ती आणि सेबास्टियन स्युंग यांच्या पुढाकाराने तो नकाशा प्रसिद्ध झाला. पेशी १,३९,२५५, सांधे ५ कोटींच्या वर. फ्लायवायर त्याचं नाव. ब्राउझरमध्ये उघडून बघता येतो. मी एका रविवारी मालाडमधल्या माझ्या टेबलावर तो उघडला आणि शिंगांच्या तारा जिथे उतरतात तो भाग शोधून काढला. तेच पुंजके, रंगीबेरंगी गोट्यांसारखे. बराच वेळ नुसता बघत बसलो.

वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी हे पाहिलं नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये त्या गेल्या. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी टीआयएफआरमध्ये आणि नंतर बंगळूरच्या एनसीबीएसमध्ये (हीसुद्धा सिद्दिकींनीच उभी केलेली संस्था) या तारा मुळात घडतात कशा, यावर काम केलं. सिद्दिकी २०१३ मध्ये रस्त्यावरच्या अपघातानंतर गेले. कुलाब्याची ती परंपरा मात्र चालू आहे. शुभा टोळे, विदिता वैद्य अशी नावं तुम्ही पेपरात वाचली असतील, इन्फोसिस पुरस्काराच्या बातम्यांत.

मग काय, सगळा नकाशा मिळाला म्हणजे सगळं कळलं? नाही हो. त्या अळीची वायरिंग १९८६ पासून हातात आहे. फक्त ३०२ पेशी. तरी ती पुढच्या क्षणी नेमकं काय करेल हे नुसत्या नकाशावरून अजून सांगता येत नाही. सोर्स कोड असला म्हणून रनटाइमला काय होतंय हे कळतंच असं नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून २०२५ मध्ये उंदराच्या मेंदूच्या एक घन मिलिमीटरवर जे मोठं काम प्रसिद्ध झालं, त्यात आधी जिवंतपणी हजारो पेशींचं काम टिपलं आणि मग त्याच तुकड्याची वायरिंग काढली. म्हणजे लॉगही आणि कोडही. पुन्हा तेच, नळी आणि मायक्रोस्कोप दोन्ही.

आणि हे सगळं मेलेल्या मेंदूचे काप करून. जिवंत माणसाच्या डोक्यात इतक्या बारीक बघायची सोय आज तरी नाही. म्हणजे माझ्या त्या रात्रीच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे, की आईच्या एमआरआयने जे सांगितलं ते खरं होतं, आणि जे मला विचारायचं होतं ते विचारण्याची ती जागाच नव्हती.

मग जागा कुठली? मला वाटलं होतं डॉक्टर आता आणखी भारी मशीन सांगतील. मी तर सात टेस्लाचं यंत्र कुठे आहे हे शोधूनही ठेवलं होतं. पुढच्या भेटीत नाक-कान-घसावाल्या डॉक्टरबाईंनी ड्रॉवरमधून काय काढलं असेल? चार बाटल्या.

"काकू, डोळे मिटा. आता काय वाटतंय सांगा."

मला हसूच आलं. वाय आकाराची नळी! माणसांसाठीची. आधी वागणूक मोजा, कुठला वास येतो, कुठला येत नाही ते बघा, मग ठरवा बिघाड कुठे शोधायचा. त्यांनी सांगितलं की विषाणूमुळे वास जातो तेव्हा घोटाळा बरेचदा मेंदूत नसतोच, नाकाच्या आतल्या अस्तरात असतो. कोविडमध्ये तर वासाच्या तारांना सांभाळणाऱ्या आजूबाजूच्या पेशींना मार बसतो असं दिसलंय. म्हणजे मी सर्व्हरचे लॉग उपसत बसलो होतो आणि केबल कदाचित भिंतीतूनच सुटलेली होती.

आता रोज सकाळ-संध्याकाळ आमच्याकडे कार्यक्रम असतो. चार डब्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. प्रत्येकीचा वास थोडा वेळ घ्यायचा आणि तो कसा होता हे आठवायचा प्रयत्न करायचा. हा जगभर वापरला जाणारा साधा उपाय आहे, काहींना गुण येतो, काहींना नाही. पार्किन्सनबद्दल डॉक्टर म्हणाले, सध्या तशी काही लक्षणं नाहीत, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. म्हणजे तो प्रश्न उघडाच आहे, आणि तो कुठल्याही यंत्राने आज बंद होणार नाही. हे पचवायला मला सहा आठवडे आणि एका चिलटाचा इतिहास लागला.

मी अर्थातच एक्सेल शीट केलं आहे. तारीख, डबी, आईचं उत्तर. पहिले दोन महिने सगळे रकाने रिकामे. "काही नाही. काही नाही. काही नाही रे बाबा, जाऊ दे ना." बाबा मात्र न चुकता डब्या उघडून समोर धरतात, आणि ती डोळे मिटून बसते, देवासमोर बसल्यासारखी.

गेल्या रविवारी बाबांनी निलगिरीची डबी धरली. आई बराच वेळ गप्प होती. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "लवंग?"

चुकलं. पण "काही नाही" असं म्हणाली नाही. मी शीटमध्ये ते लिहून ठेवलं आहे, चुकीचं उत्तर म्हणून, हिरव्या रंगात.

असो. पुढच्या वीकेंडला भेटूच. आणि केळ्यांवर चिलटं बसली तर हाकला, पण जरा आदराने.